मोबाईल दाखवा, मग आत या: गिरणगावातल्या वहीपासून दहा मिनिटांच्या डिलिव्हरीपर्यंत

आजचा भाग खरेदीच्या इतिहासाबद्दल आहे. मागच्या भागानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवलं होतं की राजे-महाराजांचं झालं, आता रोजच्या जगण्याचा इतिहास सांगा. तर घ्या. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर.

सुरुवात करू १९९९ पासून. त्या वर्षी मुंबईत हाजी अलीजवळ 'क्रॉसरोड्स' नावाचा मॉल उघडला. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या मॉल्सपैकी हा एक. सरकते जिने, थंडगार हवा, काचेमागची दुकानं. लोकांनी असं काही फक्त सिनेमात पाहिलेलं. साहजिकच बघ्यांची झुंबड उडाली. घ्यायचं काही नाही, पण एकदा जिन्यावरून वर जाऊन खाली यायचंय, अशी गर्दी. मग मॉलवाल्यांनी एक नियम काढला. आत यायचं असेल तर मोबाईल फोन किंवा क्रेडिट कार्ड दाखवा. दोन्ही नसेल तर ६० रुपये भरा.

आज हे ऐकून हसू येतं. पण त्या काळात मोबाईल म्हणजे काय चीज होती बघा. आपल्याला कुणी फोन केला तरी पैसे आपलेच कापले जायचे. इनकमिंग फुकट झालं ते २००३ मध्ये. म्हणजे हातात मोबाईल असणं हा तुमच्या खिशाचा पुरावा होता. या नियमावर भरपूर टीका झाली आणि शेवटी तो गुंडाळावा लागला.

मला या गोष्टीत मजा वाटते ती वेगळ्याच कारणासाठी. तेव्हा मॉलमध्ये शिरायला मोबाईल लागायचा. आज मॉलच मोबाईलमध्ये शिरलाय. आणि दोन्ही वेळा दारावर प्रश्न तोच: तू कोण आहेस, आणि तुझ्याकडून पैसे मिळतील का? दुकानं बदलत गेली तसं हा प्रश्न विचारणारा माणूसही बदलत गेला. आजच्या भागात आपण त्याचाच माग काढणार आहोत. त्यासाठी हाजी अलीहून फार लांब जायचं नाही. जायचं गिरणगावात: लालबाग, परळ, लोअर परळ, वरळी, नायगाव.

वाण्याची वही

शंभर वर्षांपूर्वीचं गिरणगाव डोळ्यांसमोर आणा. कापडाच्या गिरण्या, भोंगे, चाळी. कोकणातून, साताऱ्याकडून, घाटावरून आलेली माणसं. एका खोलीत दहा-दहा जण. आणि चाळीच्या खाली किंवा नाक्यावर वाण्याचं दुकान.

या दुकानाची रचना लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे. सगळा माल गल्ल्यापलीकडे. तांदूळ, डाळ, गूळ, रॉकेल, सगळं पोत्यांत, डब्यांत, पिंपात. गिऱ्हाइकाने अलीकडे उभं राहायचं, काय हवं ते सांगायचं, आणि वाणी तोलून, पुडी बांधून देणार. मालाला हात लावायचा नाही. आणि शेवटी एक वाक्य: "लिहून ठेवा."

ही उधारी कुणाची सवय किंवा आळस नव्हता. तिचं कारण गिरणीच्या पगारात होतं. पगार महिन्याचा, आणि तोही महिना भरल्यावर आणखी काही दिवसांनी हातात पडायचा. गावाहून नवा आलेला माणूस कामाला लागला तर पहिला पगार मिळेपर्यंत महिना-दीड महिना खाणार काय? वाण्याच्या वहीवर. म्हणजे गिरणीमालक पगार लांबवणार, आणि तेवढे दिवस कामगाराला जगवायचा खर्च वाणी उचलणार. अर्थात फुकट नाही. उधारीचा भाव जरा चढाच असायचा.

याच वहीने एक फार मोठं काम केलं, जे शाळेच्या पुस्तकात येत नाही. १९२८ साली मुंबईतल्या गिरण्यांमध्ये सार्वत्रिक संप झाला. एप्रिलमध्ये सुरू झालेला हा संप ऑक्टोबरपर्यंत चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार, आणि सहा महिने पगार नाही. मग चुली पेटल्या कशा? बरेच जण गावाला गेले, हे खरं. पण जे मुंबईत राहिले त्यांचं काय? गिरणगावाचा बारकाईने अभ्यास करणारे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दाखवून दिलंय की संप टिकण्यामागे वस्तीतली नाती होती. त्यातलं एक महत्त्वाचं नातं म्हणजे उधार देणारे दुकानदार.

आता यात वाणी फार उदार होता असं समजू नका. त्याचा हिशेब साधा होता. अख्खी चाळ आपली गिऱ्हाईक. आज उधार तोडली तर उद्या संप मिटल्यावर ही चाळ आपल्या दुकानाची पायरी चढणार नाही, आणि मागची बाकीही बुडेल. म्हणजे गिऱ्हाइकाला वाण्याची गरज होती तशी वाण्यालाही गिऱ्हाइकाची. दोघं एकमेकांना नावानिशी ओळखत होते, आणि त्या ओळखीवरच उधारी चालायची.

पण ओळखीची दुसरी बाजूही सांगायला हवी. ओळख म्हणजे जातही ठाऊक असणं. गावाकडच्या कित्येक दुकानांत दलित गिऱ्हाइकाला पायरीखाली उभं करून पुडी वरून टाकली जायची. ओळख म्हणजे बाईमाणूस काय घेतंय यावर अख्ख्या नाक्याची नजर असणं. मापात मारलं तरी वाण्याशी भांडता येत नसे, कारण वहीत बाकी असायची. तेव्हा "जुने दिवस किती छान" असं म्हणण्याआधी जरा थांबू या.

नवस बोलून मिळालेला बाजार

वाणी झाला, पण मासळी-भाजीचं काय? ती बाजारात. आणि इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

लालबागमध्ये पेरू चाळ नावाच्या जागी बाजार भरायचा. १९३२ साली तो बंद झाला. मासळी विकणारे कोळी, भाजीवाले, छोटे व्यापारी उघड्यावर आले. त्यांनी नवस केला, की आम्हाला बाजाराला हक्काची जागा मिळू दे. पुढे जागा मिळाली, आणि १९३४ मध्ये त्यांनी तिथे गणपती बसवला. हाच लालबागचा राजा! दरवर्षी तुमच्या स्टेटसवर जो असतो तोच. 'नवसाला पावणारा' ही त्याची ख्याती मुळात एका बाजाराच्या जागेपासून सुरू झाली. शहरात धंद्याला चार हात जागा मिळणं तेव्हाही इतकं अवघड होतं की त्यासाठी देवाला साकडं घालावं लागलं. पुढे याच परिसरातल्या जागेचं काय झालं ते बघू, तेव्हा ही गोष्ट आठवा.

गिऱ्हाईकच मालक झालं तेव्हा

दुसऱ्या महायुद्धात धान्याची टंचाई झाली आणि १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. वाण्याच्या वहीशेजारी आता रेशनकार्डही आलं. दुकानात तुमची ओळख पटवून द्यायला पहिल्यांदाच सरकारी कागद लागला.

याच वळणावर गिरणगावातल्या लोकांनी स्वतःचं दुकान काढलं. १९४८ साली नायगावात कामगारांनी सहकारी तत्त्वावर रेशन दुकान सुरू केलं, आणि त्यातून उभं राहिलं 'अपना बाजार'. साठच्या दशकात त्याचं एका छताखाली सगळं मिळणारं मोठं दुकान झालं. म्हणजे मॉल येण्याच्या तीस वर्षं आधी गिरणगावात डिपार्टमेंट स्टोअर होतं, आणि त्याचे मालक होते खरेदी करणारेच. सभासदाने भाग घ्यायचा आणि नफ्यातला वाटा मिळवायचा.

त्यानंतर १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. बिंदुमाधव जोशी या चळवळीतलं मोठं नाव. आपले लाडके गायक-संगीतकार सुधीर फडके, म्हणजे बाबूजी, हेही त्या उभारणीत होते. पद्धत अशी, की शेजारपाजारच्या काही कुटुंबांनी मिळून एक संघ करायचा. महिन्याची यादी आधी भरून द्यायची. पंचायत घाऊक खरेदी करणार, माल संघातल्या एका घरी येणार, आणि तिथे बायका मिळून तो वाटून घेणार. दुकान नाही, दुकानदार नाही, जाहिरात नाही. आज एखाद्या स्टार्टअपने हे 'कम्युनिटी ग्रुप बाइंग' म्हणून मांडलं तर लगेच फंडिंग मिळेल! कित्येक घरांत अजूनही पंचायतीचं वाटप येतं. अशाच ग्राहक चळवळींच्या रेट्यातून देशाला १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा मिळाला.

मला हा काळ महत्त्वाचा वाटतो, कारण दारावरचा तो प्रश्न इथे उलटा झाला. "तू कोण?" हे दुकानदाराने विचारायच्या ऐवजी गिऱ्हाईक विचारायला लागलं: हा माल कुठून आला, याचा भाव एवढा का?

भोंगा बंद झाला

१८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. या संपाबद्दल एक वेगळा भाग करायचाय, म्हणून आज थोडक्यात सांगते. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. बऱ्याच गिरण्या पुन्हा नीट चालल्याच नाहीत, आणि हजारो लोकांची नोकरी कायमची गेली.

या संपातही वाण्यांनी उधार दिलं. पण १९२८ सारखं यावेळी झालं नाही. सहा महिने गेले, वर्ष गेलं, तरी पगाराचा दिवस येईना. वही चालते ती पुढे कधीतरी पगार होणार या भरवशावर. तो भरवसा संपला तसं उधार देणंही आटत गेलं. पुष्कळ कुटुंबांनी गावची वाट धरली.

मागे राहिली जमीन. मुंबईच्या मधोमध गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या विकास नियमात एक सूत्र होतं: गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी, आणि उरलेली मालकाकडे. २००१ मध्ये नियम बदलला. आता वाटणी संपूर्ण जमिनीची नाही, फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या तुकड्याची. गिरणीच्या आवारात मोकळी जागा असून असून किती असणार? शहराचा आणि घरांचा वाटा एकदम आक्रसला. प्रकरण कोर्टात गेलं. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल चालणार नाही असं म्हटलं, पण २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. त्यानंतर लोअर परळच्या आकाशात काय काय उभं राहिलं ते तुम्ही लोकलमधून रोज बघता.

त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव फिनिक्स. १९०५ सालची फिनिक्स मिल. तिच्या आवारात आधी बोलिंग ॲली आली, मग दुकानं, मग अख्खा मॉल. या भागाच्या तयारीसाठी मी तिथे गेले होते. गिरणीची चिमणी अजून उभी आहे. पोरं-पोरी तिच्यासमोर सेल्फी काढत होती. त्यात वाईट काही नाही, मीही काढला. पण या आवारात कधीकाळी कापड विणलं जायचं, आणि आता शिवलेलं कापड हँगरवर टांगून विकलं जातं, एवढं मनात येऊन गेलं.

मालाला हात लावायची मुभा

आता मॉलच्या आत जाऊ. मघाशी वाण्याचं दुकान लक्षात ठेवायला सांगितलं होतं ना? माल पलीकडे, आपण अलीकडे. मॉल आणि सुपरमार्केटने मधला गल्ला काढून टाकला. ही कल्पना अमेरिकेतली. १९१६ मध्ये मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स या माणसाने 'पिग्ली विग्ली' नावाचं दुकान काढलं. गिऱ्हाइकाने स्वतः फिरून वस्तू उचलायच्या आणि जाताना दारात पैसे द्यायचे. नोकर कमी लागतात, आणि माणूस डोळ्यांसमोर दिसेल ते उचलतो. यादीत नसलेलंही.

आपल्याकडे हे मोठ्या प्रमाणावर आलं नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर. १९९१ मध्ये अंधेरीला पहिलं शॉपर्स स्टॉप उघडलं. २००१ मध्ये बिग बझार आलं, २००२ मध्ये पवईला पहिलं डीमार्ट. त्यात बिग बझारचा किस्सा फार भारी आहे. किशोर बियानी यांच्या लक्षात आलं की चकाचक, रिकाम्या दुकानात आपला माणूस बुजतो. त्याला वाटतं हे आपल्यासाठी नाही. मग त्यांनी मुद्दाम दुकानात मंडईसारखा गोंधळ ठेवला. अरुंद वाटा, मालाचे ढीग, आरडाओरडा. क्रॉसरोड्सने गर्दी बाहेर ठेवायला नियम केला होता, बियानींनी गर्दीलाच आमंत्रण दिलं. २६ जानेवारी २००६ ला त्यांनी 'सबसे सस्ता दिन' जाहीर केला, तर इतके लोक आले की काही दुकानांची शटर ओढावी लागली.

ज्याला वाण्याने कधी पायरीवर चढू दिलं नसेल, त्याच्यासाठी ट्रॉली ढकलत फिरणं ही साधी गोष्ट नव्हती. पाकिटावर छापील किंमत, तीच सगळ्यांना. जात कुणी विचारत नाही. मुलींना तासभर बसून गप्पा मारायला जागा मिळाली, आणि "इथे काय करताय गं?" म्हणून विचारणारं कुणी नाही. आपल्या पिढीतल्या अनेकींना मोकळेपणाची पहिली चव मॉलमध्येच मिळाली, हे मी मान्य करते.

पण दारावर सिक्युरिटी गार्ड उभा आहेच. तो तुम्हाला ओळखत नाही, म्हणून तो तुमच्या चपलांकडे बघतो. आणि बिलाच्या काउंटरवर "लिहून ठेवा" म्हणता येत नाही.

गिऱ्हाईक नसलेलं दुकान

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा पटापट जाऊ. २००७ मध्ये फ्लिपकार्टने ऑनलाइन पुस्तकं विकायला सुरुवात केली. लोकांचा भरवसा बसेना, म्हणून माल दारात आल्यावर पैसे द्यायची सोय केली. २०१६ मध्ये यूपीआय आलं, त्याच वर्षी नोटाबंदी. २०२० मध्ये लॉकडाऊन. आणि मग दहा मिनिटांत कोथिंबीर!

ही कोथिंबीर येते डार्क स्टोअरमधून. म्हणजे असं दुकान जिथे रॅक आहेत, माल आहे, माणसं धावतायत, पण गिऱ्हाइकाला प्रवेशच नाही. कुणालाच नाही. तिकडे बिग बझारसुद्धा २०२२ मध्ये कर्जाच्या ओझ्याखाली मिटलं. गर्दी बोलावणारं दुकान गेलं, आणि गर्दीची गरजच नसलेलं आलं.

आता दारावरचा प्रश्न ॲप विचारतं. तुम्ही किती वाजता काय मागवता, कुठल्या वस्तूवर बोट थांबलं, कार्टमध्ये काय सोडून गेलात, सगळं लिहून ठेवलं जातं. वही परत आलीय, मंडळी! फक्त ती वाचायची सोय आपल्याला नाही. वाण्याच्या वहीत आपली बाकी आपल्याला दिसायची, भांडून खोडताही यायची.

उधारीही परत आलीय. 'आत्ता घ्या, नंतर द्या.' एक बटण दाबलं की झालं. पण इथे देणारा आपल्या चाळीत राहत नाही. नोकरी गेली म्हणून ॲप कळ काढणार नाही. हप्ता चुकला की दंड, आणि क्रेडिट स्कोअर खाली. १९२८ च्या वाण्याला माहीत होतं की अख्ख्या चाळीशी वाकडं घेऊन चालणार नाही. ॲपला प्रत्येक गिऱ्हाईक एकटं भेटतं. आणि एकट्या गिऱ्हाइकाशी वाकडं घेणं कुणालाही परवडतं.

यावर थोडा लगाम घालायचे प्रयत्न चालू आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न'बद्दल मार्गदर्शक नियम काढले. १३ प्रकारच्या क्लृप्त्यांना मनाई आहे. "फक्त दोनच शिल्लक!" अशी खोटी घाई करणं, कार्टमध्ये न विचारता काहीतरी घुसडणं, हे त्यातलेच. असं काही दिसलं तर स्क्रीनशॉट काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार करा.

मग करायचं काय? वाण्याकडे परत जायचं? मी तरी तसं म्हणणार नाही. मलाही रात्री अकराला दूध लागतं. पण नायगावच्या कामगारांकडे आणि ग्राहक पंचायतीच्या बायकांकडे जे होतं ते आपल्याकडे नाही: एकत्र येऊन भाव विचारायची सवय. तुमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहेच. त्यावर गुड मॉर्निंगच्या फुलांबरोबर कधीतरी शेतकऱ्याकडून थेट आंब्याची पेटी, तांदूळ एकत्र मागवून बघा. दहा घरांची यादी झाली की समोरचा वेगळ्या आवाजात बोलतो, हे तुमच्याच लक्षात येईल.

आणि एक काम देते. घरात आजी-आजोबा असतील तर विचारा, तुमचा वाणी कोण होता, आणि त्याची सगळ्यात मोठी बाकी कधी झाली होती? आजारपण, लग्न, संप, दुष्काळ, काहीतरी निघेलच. ते उत्तर व्हॉइस नोट करून आम्हाला पाठवा. पुरेशा आल्या तर त्यांचाच एक भाग करू.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत कार्ट रिकामं ठेवा!